दर संध्याकाळी १९७०

राउटर बंद पडून पुन्हा सुरू होतो तेव्हा त्याला आजची तारीख ठाऊक नसते. संगणकात घड्याळ चालतं ठेवायला एक छोटी बॅटरी असते, तशी घरगुती राउटरमध्ये बहुधा नसतेच. वीज तुटली की त्याचं घड्याळ पुसलं जातं आणि वीज आली की ते १ जानेवारी १९७० पासून मोजायला लागतं. कारण युनिक्स या जुन्या प्रणालीच्या वंशातलं सॉफ्टवेअर त्याच्यात असतं आणि त्या घराण्याची कालगणना त्या दिवशी सुरू होते. भारतीय वेळेने ती पहाटे साडेपाचची वेळ. मग फायबरमधून प्रकाश येतो, कंपनीच्या यंत्रणेशी ओळख पटते, इंटरनेटवरच्या एखाद्या वेळ सांगणाऱ्या सर्व्हरला विचारून राउटर आपलं घड्याळ लावून घेतो आणि अर्धशतकाहून मोठी उडी घेऊन आजच्या दिवसात येतो. मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरी हे दर संध्याकाळी घडत होतं, कधी एकदा, कधी पाठोपाठ.

हे १९७० मला दिसलं ते राउटरच्या लॉगमध्ये. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ असा पत्ता टाकला, की बऱ्याच राउटरचं आतलं पान उघडतं. तिथे किती वेळ अखंड चालू आहे ते लिहिलेलं असतं आणि घडलेल्या गोष्टींची यादी असते. बंद पडण्याच्या आधी काय झालं ते तिथे सापडेल, या आशेने मी ते उघडलं. पहिलीच ओळ १ जानेवारी १९७०ची होती. तिच्या आधी काही नाही. ती यादी ज्या स्मृतीत लिहिली जाते ती विजेवर जगते आणि वीज गेली की कोरी होते. जो क्षण मला बघायचा होता, नेमका तोच पुसलेला होता. राउटरला आपलं काय होतंय ते सांगता येत नव्हतं, कारण त्याला ते आठवतच नव्हतं.

आठवत होतं ते आत्याला.

आम्ही पुण्यात सदाशिव पेठेत राहतो, जुना वाडा पाडून उभ्या राहिलेल्या एका इमारतीत. माझ्या वडिलांची थोरली बहीण आमच्याकडे असते. ऐंशी ओलांडली आहे, गुडघ्यांमुळे जिने उतरणं जवळजवळ बंद आहे. संध्याकाळी सात वाजता तिचं ज्ञानेश्वरीचं निरूपण असतं. टॅबवर, व्हिडिओ कॉलवर. तिच्यासारख्या बायका गावोगावच्या घरांतून जमतात. एक मिरजेची, एक इंदूरची, एक बडोद्याची, एक ठाण्याची. निरूपण सांगणाऱ्या बाई एक ओवी घेतात, शब्द सुटे करतात, मग एकेकीला विचारतात की तुम्हाला काय वाटलं. आत्याला हे विचारलं जाणं फार महत्त्वाचं आहे. आयुष्यभर तिला काय वाटलं ते फारसं कुणी विचारलं नाही. तिचं नाव पुकारलं जावं आणि ऐन तेव्हा पडद्यावरचं चित्र थिजावं, असं त्या दिवसांत वारंवार झालं. राउटर पूर्ण सुरू व्हायला दोनेक मिनिटं लागतात, टॅब वायफायला जोडायला थोडी, पुन्हा कॉलमध्ये घेईपर्यंत आणखी काही. तोवर ओवी पुढे गेलेली असे आणि बोलण्याची पाळी मिरजेच्या बाईंकडे.

ग्राहक सेवेला फोन केला. बंद करून दोन मिनिटांनी चालू करा, असं सांगण्यात आलं. जे यंत्र आपण होऊन बंद-चालू होतंय त्याला बंद-चालू करा हा सल्ला ऐकताना मला राग आला. पण फोनवरच्या मुलीसमोर जे लिहिलेलं होतं ते ती वाचत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास तंत्रज्ञ आला. तरुण, नम्र, घामाघूम. त्याने फायबरची पिवळी वायर सोडवून मीटरला लावली, आकडा उणे एकवीसच्या आसपास आला. 'पॉवर मस्त येतेय, लाइन एक नंबर आहे,' म्हणाला. खरंच होतं ते. घरगुती फायबरला साधारण उणे सत्तावीसपर्यंत निभावतं. त्याने वेग तपासला, तोही ठीक. राउटर त्याच्यासमोर शांतपणे चालू होता. जाताना तो आत्याला म्हणाला, 'आजी, तुमचा हात लागत असेल बटनाला.' तो जिना उतरला असेल-नसेल, तोच तक्रार निवारण झाल्याचा संदेश मोबाइलवर आला.

राउटर भिंतीवर सहा फुटांवर लावलेला आहे. आत्याचा हात तिथवर पोचत नाही.

मी त्या मुलाला दोष देत नाही. दिवसभरात किती घरं करायची ते त्याला ठरवून दिलेलं असतं आणि त्याचं काम तक्रार बंद करण्यावर मोजलं जातं, कारण शोधण्यावर नाही. पण ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. सतत बंद असलेल्या वस्तूबद्दल कुणी वाद घालत नाही. पंखा फिरत नसेल तर तो सगळ्यांनाच न फिरताना दिसतो. येणारा-जाणारा दोष मात्र ज्याला भोवतो त्यालाच दिसतो आणि बघायला माणूस आला की दडून बसतो. मग दोष यंत्रात आहे की सांगणाऱ्यात, असा प्रश्न उभा राहतो. आणि सांगणारी जर म्हातारी बाई असेल तर त्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. अशा दोषाच्या बाबतीत सगळ्यात आधी काय करायला हवं, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन: ज्याला त्रास होतोय त्याचं म्हणणं खरं धरा. तपासाची सुरुवात तिथून होते. मीटर, स्क्रूड्रायव्हर नंतर.

आत्याने त्या दिवसापासून स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहायला सुरुवात केली. आमच्याकडे दूध, गॅस सिलिंडर, कामवाल्या मावशींचे खाडे, सगळं त्याच चौकोनांत असतं. त्यात आता पेन्सिलीने बारीक वेळा दिसू लागल्या. सात वीस. आठ पाच. नऊ दहा. शेजारी 'सगळे दिवे गेले' किंवा 'फक्त नेट गेलं' असंही. हा फरक तिला मी समजावून सांगितला होता आणि तो जाणून घेण्यासारखाच आहे. सगळे दिवे विझून एकेक करत परत लागले तर राउटर स्वतः बंद पडून सुरू झाला. म्हणजे वीज, उष्णता किंवा आतलं सॉफ्टवेअर यांच्याकडे बघायचं. बाकी दिवे चालू राहून एक लाल दिवा लुकलुकू लागला, ज्याच्याखाली बहुधा एलओएस अशी अक्षरं असतात, तर फायबरमधून प्रकाशच येत नाहीये. म्हणजे रस्त्यात कुठे वायर दुमडली किंवा तुटली. आणि फक्त इंटरनेटचा दिवा गेला तर घरापर्यंत सगळं ठीक आहे, गडबड कंपनीच्या बाजूला आहे. तीनही वेळा टॅबवर एकच दिसतं, चित्र थिजलेलं. आत्याच्या नोंदींत जवळजवळ सगळीकडे 'सगळे दिवे' होतं. लाइन एक नंबर असल्याचं जे त्या मुलाने सांगितलं ते बरोबरच होतं. फक्त तक्रार लाइनची नव्हतीच.

महिन्याचं पान भरत आलं तसा त्या वेळांना आकार दिसू लागला. सकाळी एकही नोंद नाही. मध्यरात्रीनंतर नाही. बहुतेक सगळ्या सात ते साडेदहाच्या दरम्यान, आणि रविवारी दुपारी. आम्ही बाकीचे सगळे नाशिकला लग्नाला गेलो होतो आणि घरात आत्या व मावशी दोघीच होत्या, त्या दोन चौकोनांत एकही वेळ नव्हती. आत्याने तिथे मुद्दाम 'आज ठीक' लिहून ठेवलं होतं. न घडल्याची नोंद करायची असते, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पुढे कळलं ते बरंचसं त्या 'आज ठीक'मुळे कळलं.

अशा वेळी मला मंगळावरच्या एका यानाची गोष्ट फार जवळची वाटते. अमेरिकेचं पाथफाइंडर यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलं. सोजर्नर ही छोटी सहाचाकी गाडी त्यातून उतरून दगडांभोवती फिरू लागली, चित्रं येऊ लागली, जगभर कौतुक झालं. काही दिवसांतच, हवामानाच्या नोंदी घ्यायला सुरुवात झाल्यानंतर, यानाचा संगणक आपोआप पुन्हा पुन्हा सुरू होऊ लागला. प्रत्येक वेळी त्या दिवसाचं राहिलेलं काम दुसऱ्या दिवसावर जाई. पृथ्वीवर कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत त्या संगणकाची हुबेहूब जोडी होती. अभियंत्यांनी तिच्यावर तीच कामं, तशीच परिस्थिती लावून, तो दोष डोळ्यांदेखत घडेपर्यंत ती चालवली. आणि घडला. विशेष असं, की हा दोष उड्डाणाआधीच्या चाचण्यांतही डोकावून गेला होता, पण पुन्हा घडवून आणता न आल्यामुळे तेव्हा हाती लागला नव्हता.

कारण सुंदर होतं. त्या संगणकावर एकाच वेळी अनेक कामं चालत आणि प्रत्येकाचा दर्जा ठरलेला होता. माहितीची ने-आण सांभाळणारं काम वरच्या दर्जाचं, हवामानाच्या नोंदींचं खालच्या. या दोघांना एक सामायिक साधन लागे आणि ते एका वेळी एकालाच मिळे. हवामानाचं काम ते साधन हातात धरून असताना मधल्या दर्जाचं एखादं लांबलचक काम उपटलं, की हवामानाचं काम जागीच अडे, साधन त्याच्या हातात राही आणि वरच्या दर्जाचं काम ताटकळत बसे. ते मुदतीत पुरं झालं नाही असं पाहून राखणीची यंत्रणा सगळंच पुन्हा सुरू करी. उपाय असा: साधन धरून बसलेल्या कामाला तेवढ्यापुरता, वाट पाहणाऱ्याचा दर्जा द्यायचा. ही सोय सॉफ्टवेअरमध्ये होतीच, त्या ठिकाणी चालू केलेली नव्हती. पृथ्वीवरून ती चालू करण्यात आली आणि यान सुरळीत झालं.

कोट्यवधी किलोमीटरवरच्या यंत्राचा दोष, हात न लावता, नेमका शोधला गेला. आमचा डबा तर दिवाणखान्याच्या भिंतीवर होता.

पुन्हा सुरू होणं हा काही यंत्राचा अवगुण नव्हे, हेही सांगायला हवं. राउटरमध्येही तशी राखण असते: एक मोजणी उलटी चाललेली असते, सॉफ्टवेअर धडधाकट असेल तर ते ठरावीक वेळाने तिला मागे ढकलतं, आणि अडकून पडलं तर मोजणी शून्यावर येऊन यंत्र पुन्हा सुरू होतं. माणूस जवळ नसताना यंत्राला उभं राहता यावं म्हणून केलेली ही तजवीज आहे. २० जुलै १९६९ला अपोलो ११ चंद्रावर उतरत असताना त्याच्या संगणकाने १२०२ आणि १२०१ हे धोक्याचे संकेत दिले, तेव्हाही हेच झालं होतं. कामाचा बोजा झेपेना म्हणून त्याने बिनमहत्त्वाची कामं सोडून पुन्हा सुरुवात केली आणि उतरण्याचं काम धरून ठेवलं. त्या जादा बोजाचं मूळ शोधलं गेलं ते भेटीच्या रडारपाशी पोचलं. रडारचा आणि संगणकाचा वीजपुरवठा एकाच कंपनसंख्येचा होता, पण त्यांचा ताल एकमेकांशी बांधलेला नव्हता; त्यातून संगणकाकडे निरर्थक संकेतांची रीघ लागली होती. पुन्हा सुरू होण्याने चांद्रवीरांचं उतरणं तडीस गेलं. तरीही पृथ्वीवर लोकांनी कारण शोधलं. या दोन्ही गोष्टी लागतात.

आमच्या घरी संशयित बरेच होते. पहिली उष्णता. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो आणि आमच्या राउटरवर आत्यानेच विणलेला क्रोशाचा रुमाल होता, धूळ बसू नये म्हणून. रुमाल काढला, आजूबाजूला हवा खेळती केली, डबा हाताला कमी तापू लागला. नोंदी थांबल्या नाहीत. दुसरा संशय इमारतीच्या पाण्याच्या पंपावर. तो संध्याकाळी चालू होतो आणि चालू होताना जिन्यातला दिवा क्षणभर मंद होतो, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पंपाची वेळ वॉचमनला विचारून घेतली आणि कालनिर्णयशी ताडून पाहिली, जुळली नाही. तरीही घरातल्या विजेचा संशय पुरता फेडायला राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला. इथे एक गोष्ट सहज सुटते: वीज असताना इन्व्हर्टर बाहेरचीच वीज पुढे देतो, बॅटरीची नाही. म्हणून निरूपणाच्या वेळी इन्व्हर्टरचा मेनचा पुरवठा मुद्दाम बंद केला, म्हणजे राउटर निव्वळ बॅटरीवर चालू राहिला. आत्या आनंदाने या प्रयोगात सामील झाली. त्या संध्याकाळीही सगळे दिवे गेले. म्हणजे महावितरण निर्दोष, पंप निर्दोष.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ती बदलली की निदान दोन-तीन संध्याकाळी थांबायचं, असा आमचा नियम होता. हे फार कठीण जातं. घरात प्रत्येकाला काहीतरी सुचत होतं: राउटरचं सॉफ्टवेअर नवं करू, चॅनल बदलू, सगळं मूळ स्थितीला आणू, आणि सोपा उपाय म्हणजे नवाच राउटर घेऊ. चार गोष्टी एकदम केल्या आणि दोष थांबला तर कशाने थांबला ते कळत नाही; मग तो परत आला की आपण पुन्हा आंधळे. माझ्या पुतण्याला मी दोन संध्याकाळ थोपवून धरलं, तो नाराजही झाला.

उरलं काय? सकाळी ठीक, मध्यरात्रीनंतर ठीक, घर जवळजवळ रिकामं असताना ठीक. सात ते साडेदहा आणि रविवारी दुपारी बिघाड. म्हणजे घरात माणसं असतात तेव्हा. आत्याचा टॅब, टीव्हीवरची मालिका, पुतण्याचा क्लास, माझा लॅपटॉप, सगळ्यांचे मोबाइल. रविवारी दुपारी क्रिकेट. राउटर रिकामा बसलेला असताना मोजकीच वीज घेतो. सगळे एकदम मागू लागले की त्याचे रेडिओ जोरात चालतात, प्रोसेसर धावतो आणि विजेची ओढ वाढते. ही वाढीव ओढ कुणाला तरी झेपत नव्हती. मी पहिल्यांदाच टीव्हीच्या मागे वाकून राउटरच्या ॲडाप्टरकडे नीट पाहिलं. एक्स्टेंशन बोर्डवर सेट-टॉप बॉक्सच्या ॲडाप्टरला खेटून, भिंत आणि कपाट यांच्या फटीत, तो अनेक वर्षं रात्रंदिवस चालू होता. हात लावला तर चटका बसेल इतका गरम. आम्ही राउटरवरचा रुमाल काढला होता. घुसमटत होता तो हा.

ॲडाप्टरचं काम म्हणजे भिंतीतली २३० व्होल्टची वीज घ्यायची आणि राउटरला लागणारी १२ व्होल्टची, सरळ एका दिशेने वाहणारी वीज द्यायची. हे तो एकसंध धारेने करत नाही. आत एक स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतो आणि वीज तुकड्यातुकड्यांनी येते. ते तुकडे जोडून सलग धार करण्याचं काम कॅपॅसिटर करतो, तो कुठल्याही जुन्या रेडिओत दिसणारा, छोट्या डब्यासारखा उभा भाग. इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीसारखं त्याचं असतं: पंप मधूनमधून चालतो, नळ मात्र सारखा वाहतो, कारण मध्ये साठा आहे. टाकी आटत गेली तर एका नळाला पाणी पुरतं, पण सगळ्या घरांनी एकदम नळ सोडले की धार तुटते. कॅपॅसिटर असाच आटतो, अगदी शब्दशः. त्याच्या आत ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या आणि द्रवात भिजवलेला कागद गुंडाळलेला असतो. तो द्रव वर्षानुवर्षं हळूहळू उडून जातो आणि उष्णतेने ते लवकर होतं. इलेक्ट्रॉनिक्समधला ठोकताळा असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की कॅपॅसिटरचं आयुष्य निम्म्यावर येतं. त्याच्या अंगावर १०५ अंश असं छापलेलं असतं आणि त्या तापमानाला दोन हजार तास टिकेल अशी साधारण मालाची हमी असते. ६५ अंशांवर ठेवला तर त्याच हिशेबाने सोळापट, म्हणजे बत्तीस हजार तास. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण राउटर दिवसाचे चोवीस तास चालतो; बत्तीस हजार तास म्हणजे साडेतीन वर्षांहून थोडे जास्त.

ॲडाप्टर घेऊन मी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेले. पासोड्या विठोबाच्या परिसरातली ती अरुंद गल्ली पुण्यातल्या विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाची जुनी जागा आहे. मुंबईकरांना जशी लॅमिंग्टन रोडची वाट माहीत असते तशी इंजिनिअरिंगच्या मुलांना इथली. तिथे एक काका दुरुस्ती करतात. त्यांच्यापुढे मी आत्याच्या नोंदी ठेवल्या, मोबाइलवर काढलेला कालनिर्णयचा फोटो. त्यांनी तो मोठा करून शांतपणे वाचला. सगळ्या प्रकरणात आत्याचं म्हणणं पहिल्यांदा कुणीतरी पुरावा म्हणून वाचत होतं. मग त्यांनी ॲडाप्टरला मीटर लावला: बारा व्होल्टला किंचित वर. बघणाऱ्याला वाटावं, उत्तम आहे. काकांनी ड्रॉवरमधून एक जाडसर रेझिस्टर काढून जोडला, म्हणजे ॲडाप्टरला खरोखर वीज द्यायला लावली. आकडा कोसळला, नवाच्या आसपास थरथरत राहिला. 'ताई, राउटरला काही झालेलं नाही. हा लोडवर बसतोय,' ते म्हणाले.

पुरवठा ठरलेल्या पातळीखाली गेला की राउटरमधली चिप चुकीचं काही करण्यापेक्षा स्वतःला थांबवते आणि पुरवठा सावरला की पुन्हा सुरू होते. दिवे विझणं आणि एकेक करत लागणं ते हेच. सकाळी अकराला, घर जवळजवळ रिकामं असताना, त्या तरुण तंत्रज्ञाला ते दिसणं शक्य नव्हतं.

काकांनी ॲडाप्टरच्या जोडावर बारीक हातोडीने ठोकत कवच उघडलं. आतला एक कॅपॅसिटर वरून फुगलेला होता; त्याच्या माथ्यावर दाब सुटण्यासाठी कोरलेल्या रेघा उमलल्यासारख्या झाल्या होत्या. बाकी सगळं साफ. त्यांनी तेवढाच बदलला. नव्याची किंमत चहाच्या कपाएवढी. 'घरी उघडत जाऊ नका,' असं मात्र त्यांनी बजावलं. भिंतीच्या बाजूचा मोठा कॅपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ भरलेला राहतो आणि जोराचा झटका देऊ शकतो. मी सोबतीला एक नवा ॲडाप्टरही घेतला. जुना दुरुस्त होऊन आता घरात राखीव आहे.

त्यानंतर कालनिर्णयच्या चौकोनांत पेन्सिलीच्या वेळा आल्या नाहीत. आत्याने नोंद करणं सोडलेलं नाही. काही आठवडे ती 'ठीक' लिहीत राहिली आणि मग एका गुरुवारी तिथे 'आज मला विचारलं, मी बोलले' असं लिहिलेलं मला दिसलं.

पुतण्याचा नव्या राउटरचा आग्रह मान्य केला असता तर दोष गेलाच असता, कारण नव्या राउटरबरोबर नवा ॲडाप्टर येतो. आम्ही म्हणालो असतो, राउटरच खराब होता. धडधाकट राउटर कचऱ्यात गेला असता आणि चुकीचं कारण आमच्या घरात खरं म्हणून राहिलं असतं. असे किती चांगले डबे एका फुगलेल्या कॅपॅसिटरपायी फेकले जात असतील, या विचाराने मला वाईट वाटतं. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकली आहे, हे चांगलंच आहे. पण कचरा झाल्यावर तो नीट गोळा करणं वेगळं आणि तो मुळात होऊ न देणं वेगळं. दुसऱ्यासाठी तपकीर गल्लीतल्या काकांसारखी माणसं लागतात. त्यांच्या शेजारची दुकानं एकेक करून मोबाइलची कव्हरं विकू लागली आहेत आणि काकांच्या हाताखाली शिकायला कुणी नाही. सेवा देणाऱ्या कंपन्यांनी आपल्या तंत्रज्ञाच्या पिशवीत लोड लावून ॲडाप्टर तपासण्याचं एक साधं साधन ठेवलं आणि घरातल्या माणसाला 'नेमकं केव्हा होतं?' एवढा एक प्रश्न विचारायला त्याला वेळ दिला, तरी बराच फरक पडेल.

तुमच्याकडे राउटर असा वागू लागला तर आधी सगळे दिवे जातात का ते पाहा आणि वेळ लिहून ठेवा. ठीक गेलेले दिवसही लिहा. मग ॲडाप्टर बदलून बघा. व्होल्ट जुन्यावर छापलेत तितकेच हवेत, ॲम्पिअर तितके किंवा जास्त चालतील, कमी नकोत. पिनचा आकार आणि तिच्या आतली धन-ऋण बाजू जुळली पाहिजे. जुना फेकू नका, जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे न्या. आणि घरातलं कुणी सांगत असेल की हे रोज संध्याकाळी होतं, तर संध्याकाळी त्यांच्या शेजारी जाऊन बसा.